तात्याचं काम मोजायचं नाही

२०१९ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि कित्येक वर्षांत बारामतीच्या आमच्या कारखान्यात माझ्या कामाला दुसऱ्या कुणी व्हर्नियर लावला नव्हता. व्हर्नियर म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारं मापाचं हत्यार. "तात्यानं कापलंय ना, मग मोजायचं न्हाय," असा आमच्याकडं रिवाजच पडला होता. तो मीच पाडला म्हटलं तरी चालेल. सुरुवातीला एकदोघांनी माझ्यामागं मोजून बघितलं, त्यांच्याशी मी चार-चार दिवस बोललो नाही. मग आपोआप बंद झालं.

या रिवाजापायी त्या साली एका शहाण्या मुलीची नोकरी जायची वेळ आली. दिवाळी अंकवाल्यांनी धंद्याविषयी लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा फुशारकीच्याच चार गोष्टी लिहाव्यात असं मनात होतं. त्या पण लिहीन. पण लिहायला बसलं की हीच पुढं येऊन उभी राहते.

मी चौथी शिकलेला माणूस. घर इंदापूरजवळ. आधी पंपाच्या दुरुस्तीचं लेथवरचं काम, मग बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचं काम, ते थेट म्हातारपणापर्यंत. पुढं शिकलो नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. शिकलेली माणसं पोलादाकडं बघून घाबरतात, हे मी फार बघितलंय.

धंदा काय ते आधी सांगतो. तुमच्या घरातली बादली, पाण्याचा मग, बाटलीचं झाकण, स्विचचं बटण, हे सगळं साच्यातून येतं. पोलादाचे दोन मोठे ठोकळे, आतून वस्तूच्या आकाराची पोकळी. ठोकळे मिटायचे, वितळलेलं प्लास्टिक जोरानं आत ढकलायचं, थंड झालं की उघडायचं. प्लास्टिक ज्या वाटेनं आत येतं ती वाट पण वस्तूबरोबर गोठते, तिला रनर म्हणतात. आणि वाट जिथं संपते आणि वस्तू सुरू होते, त्या बारक्या तोंडाला गेट म्हणतात. डाळिंबाला देठ असतो ना, तसं. देठ मोडला की फळ वेगळं.

सगळा खेळ त्या देठाचा. उसाला पाणी देताना पाटाचं तोंड किती फोडायचं ते ज्याला कळतं त्याला हे निम्मं कळलं. तोंड बारीक ठेवलं तर पाणी सरीच्या टोकाला पोचत नाही, जास्त फोडलं तर बांध वाहून जातो. पण पाणी वाटेत गोठत नाही, प्लास्टिक गोठतं. गुऱ्हाळावर कढईतला गूळ ओतताना तोंडाशी घट्ट होत येतो, तसं. गेट बारीक असेल तर तेच आधी गोठतं, आणि आतली वस्तू उपाशी राहते. वर खळगे पडतात, आतून पोकळ राहते. गेट मोठं असेल तर तोडल्यावर खुटा राहतो, थंड व्हायला वेळ लागतो, गिऱ्हाईक शिव्या घालतं.

मी गेट नेहमी बारीक कापायचो. त्याला कारण आहे. उमेदीच्या काळात दह्याच्या डब्याच्या झाकणाचा साचा केला होता. मापापेक्षा गेट मोठं कापलं गेलं, झाकणावर खुटा राहायला लागला. डेअरीवाला झाकण घेऊन आला, माझा अंगठा धरून त्या खुट्यावरून फिरवला आणि म्हणाला, "लेकरं झाकण चाटत्यात. हे त्यांच्या जिभंला लावायचं का?" अंगठ्यातून रक्त आलं. पोलाद कापून टाकणं सोपं असतं. कापलेलं परत भरायचं तर वेल्डिंग करा, घासा, पॉलिश करा, आणि एवढं करून डाग राहतोच. तेव्हापासून मी ठरवलं, कागदावर लिहिलंय त्यापेक्षा गेट बारीक कापायचं, चाचणी घ्यायची, मग लागेल तसं उघडत जायचं. साचे बनवणारे बरेच जण असंच करतात. फरक एवढाच की ते सांगून करतात. मी कुणाला सांगत नव्हतो.

एका बैलवाल्याची गोष्ट सांगतो म्हणजे माझी फुशारकी एकदाची होऊन जाईल. सोमेश्वरनगरकडचा एक ऊस वाहणारा गडी आला. म्हणाला, बैलाच्या शिंगांना पितळी टोप्या घालतो, त्या प्लास्टिकच्या करून पाहिजेत, स्वस्त पडतील, हंगामात ऊसगाड्यांच्या तळावर विकीन. म्हटलं, माप आण. तर हा दुसऱ्या दिवशी बैलच घेऊन आला. कारखान्याच्या दारात! भाऊ, म्हणजे आमचे मालक, बाहेर येऊन म्हणाले, "तात्या, हे काय?" म्हटलं, "माप आलंय, भाऊ."

त्या बैलाचं उजवं शिंग डाव्यापेक्षा जाड होतं. एकाच साच्यात दोन पोकळ्या केल्या. आता गंमत बघा, लहान पोकळी आधी भरायची, तिच्या कडेनं प्लास्टिक बाहेर यायचं आणि मोठी अर्धवट राहायची. मग मी मोठीचं गेट थोडं थोडं उघडत गेलो. कानस मारायची, साचा मिटायचा, बघायचं, परत कानस. पाचव्या वेळेला दोन्ही एका दमात भरल्या. आकडा विचाराल तर मला माहीत नव्हता, हाताला कळलं तेवढं खरं. टोप्या अशा झाल्या की आरसा. पण सगळ्या तळावर त्या फक्त त्याच्याच बैलाला बसल्या. ती चूक माझी नव्हे. मी दिलेल्या मापाला साचा केला होता.

प्रत्येक साच्यातून पहिली नीट भरलेली वस्तू आली की मी ती रनरपासून तोडायचो नाही. देठासकट घरी न्यायचो आणि गोठ्यात तारेला अडकवायचो. तीच माझी सर्टिफिकिटं.

तर २०१९. भाऊंनी प्राजक्ता नावाची इंजिनिअर मुलगी घेतली. कऱ्हाटी गावची, शेतकऱ्याची पोर. सहा महिने बघू, मग कायम करू, असं बोलणं. तिच्या सांगण्यावरून भाऊंनी एक सॉफ्टवेअर घेतलं, ते बरंच महाग होतं. साचा कापायच्या आधीच प्लास्टिक आत कसं धावेल, कुठं गोठेल, कुठं अडकेल ते कॉम्प्युटरवर दाखवायचं. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे रंग पसरत जायचे.

मी पहिल्या दिवशी बघितलं आणि म्हटलं, "रंगपंचमी हाय का?"

ती हसली. "तात्या, लाल हाय तितं गरम, निळं हाय तितं गार पडलंय."

"मला हात लावून कळतं ते."

"साचा कापल्यावर कळतं. ह्ये कापायच्या आधी कळतं."

उत्तर बरोबर होतं म्हणून मला राग आला.

त्यानंतर तिला मी रंगवालीच म्हणायचो. ती मात्र रोज येऊन काहीतरी विचारायची, हे असंच का, ते तसंच का. एकदा म्हणाली, "तुमचं ऐकून मी घरी जाऊन वहीत लिहिते." मी म्हटलं, "लिहून येत न्हाय ह्ये." मनातून बरं वाटलं होतं, पण दाखवलं नाही.

पाचवा महिना लागला आणि इंदापूरच्या एका ठिबकवाल्याचं काम आलं. ठिबकच्या फिल्टरचं झाकण. तळहाताएवढं, मधे दाबाचा काटा बसवायला भोक. फिल्टरमध्ये पाण्याचा दाब असतो, झाकण कच्चं निघालं तर शेतात फुटणार. म्हणून माल साधा नव्हता, काचेचे बारीक तंतू मिसळलेलं नायलॉन होतं. ते मी फारसं हाताळलेलं नव्हतं, पण हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

प्राजक्तानं आठ दिवस कॉम्प्युटरवर काम करून सांगितलं, "गेटची जाडी एक पॉइंट आठ." म्हणजे दोन मिलिमीटरला थोडी कमी. मी म्हटलं, "लई झालं." तिनं समजावलं. प्लास्टिक एका बाजूनं येतं, मधल्या भोकाला वळसा घालून दोन वाटांनी जातं आणि पलीकडं परत भेटतं. तिथं सांधा पडतो. भेटताना दोन्ही गरम असले आणि मागून दाब येत राहिला तर सांधा पक्का. गेट बारीक असलं तर ते आधी गोठतं, मागचा दाब तुटतो, सांधा कच्चा राहतो. "आणि ह्ये नायलॉन लवकर गोठतं, तात्या. साध्या प्लास्टिकसारखं न्हाय."

मी मान डोलावली. आणि जाऊन एक पॉइंट दोन कापलं.

खोटं बोलायचं नव्हतं, शप्पथ. सवयीनं कापलं. चाचणीत कमी पडलं तर उघडू, असंच मनात होतं.

चाचणीला ठिबकवाले साहेब स्वतः आले. मशिनवाल्यानं प्लास्टिक ढकलायला सुरुवात केली. पहिलं झाकण अर्धवट आलं. दाब वाढवला, दुसरं थोडं पुढं गेलं. आणखी वाढवला, आणि झाकण पूर्ण भरून आलं. कडा सुबक, अंगावर चकाकी. मी मनात म्हटलं, बघ पोरी, एक पॉइंट दोननं भरलं. खरं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण मला वाटलं, सगळं पास होऊ दे, मग चारचौघांत सांगू, म्हणजे हिची रंगपंचमी कायमची संपेल.

मग साहेबांनी झाकण फिल्टरवर बसवलं आणि हातपंपानं पाण्याचा दाब द्यायला लागले. सहा किलोला टिकायला पाहिजे होतं. काटा चारवर आला. पाचच्या जवळ गेला आणि फाट्! पाणी भाऊंच्या शर्टावर. भोकाच्या पलीकडं, बरोबर सांध्यावर, झाकण चिरलं होतं. दुसरं लावलं, तिथंच. तिसरं, तिथंच.

साहेब म्हणाले, "डिझाइन कुणाचं?"

भाऊंनी प्राजक्ताकडं बघितलं.

"माझं," ती म्हणाली.

"कॉम्प्युटरवर काढलंय का?"

"व्हय."

"मग कॉम्प्युटरलाच विका झाकणं," साहेब म्हणाले. "पुढच्या शनिवारी येतो. तेव्हाबी फुटलं तर साचा दुसरीकडून करून घीन."

ते गेल्यावर भाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "प्राजक्ता, सहा महिने पुढच्या महिन्यात भरत्यात. शनिवारी बघू. त्या सॉफ्टवेअरचंबी तेव्हाच ठरवू." आणि मला म्हणाले, "तात्या, तुमचंच ऐकायला पायजे होतं."

मी खरं सांगितलं नाही. गेट कुणी मोजलं नाही, कारण तात्यानं कापलेलं मोजायचं नसतं.

हे मंगळवारी झालं. बुधवारी मी साच्याला हात लावला नाही, दुसरं काम काढून बसलो. प्राजक्ता कॉम्प्युटरसमोर होती. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोनवरचा आवाज कानावर आला, वडिलांशी बोलत होती. "न्हाय आप्पा, इथलं काय खरं दिसत न्हाय. पुण्यात बघावं लागंल मला." मग जरा थांबून, "न्हाय, रडत न्हाय मी." माझ्या हातात भाकरी होती. ती मी डब्यात परत ठेवली. तरी बोललो नाही. एवढा हट्टी माणूस मी.

गुरुवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. एका हातात रंगीत कागद, दुसऱ्या हातात चिरलेलं झाकण.

"तात्या, एक विचारू?"

"विचार."

"कॉम्प्युटर म्हणाला होता, ह्ये झाकण एवढ्या दाबात भरंल." तिनं कागदावर बोट ठेवलं. "मशिनला लागला दीडपट. एवढा फरक पडत न्हाय. म्हणून मी उलटं करून बघितलं. गेट एक पॉइंट सहा घातलं, मग चार, मग दोन. एक पॉइंट दोनला दाब बरोबर जुळला. आणि सांधा कुठं कच्चा ऱ्हातो बघा."

तिनं चिरलेलं झाकण त्या चित्रावर ठेवलं. चीर आणि निळी रेघ, एकावर एक. एकावरून दुसरी गिरवल्यासारखी.

"मग मी भंगारातला रनर काढून मोजला," ती म्हणाली.

माझं डोकं सणकलं. "माझं काम मोजलंस तू?"

"व्हय, तात्या."

सगळ्या कारखान्यात असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी पाना टेबलावर आपटला. ती हलली नाही.

"भाऊंना सांगितलंस?"

"न्हाय."

"का?"

"तुमचं तुमी सांगाल म्हणून." आणि कागद तिथंच ठेवून ती गेली.

सबंध आयुष्यात माझं गेट दुरून ओळखणारं कुणी भेटलं नव्हतं. साचा न उघडता, नुसत्या फुटलेल्या झाकणावरून तिनं माझ्या हाताचं माप सांगितलं होतं. असलं काम मी कुणाकडं बघितलं असतं तर त्याला उस्ताद म्हटलं असतं. मग हिला रंगवाली का म्हणतोय मी?

शुक्रवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी साचा उघडून ठेवला आणि भाऊंना बोलावलं. मशिनवाले पण गोळा झाले.

म्हटलं, "भाऊ, डिझाइन बरोबर हाय. गेट मी कमी कापलंय."

भाऊंना कळेना. "कमी म्हंजे?"

"मोजा."

कुणी पुढं येईना. रिवाज! माझाच रिवाज माझ्यापुढं उभा. शेवटी मी खिशातला माझा व्हर्नियर काढून प्राजक्ताच्या हातात दिला. तिनं वाकून मोजलं.

"एक पॉइंट दोन."

"आणि कागदावर?" भाऊंनी विचारलं.

"एक पॉइंट आठ," मीच म्हणालो. "मंगळवारपास्नं मला ठावं हाय. मी बोललो न्हाय. तिचं काय चुकलं न्हाय."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. रागावले होते, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाले, "तात्या, उद्या साहेब येणार. आज होईल?"

"दुपारपर्यंत," म्हटलं. "पण ती शेजारी बसंल, आणि दर खेपंला मोजंल."

ती बसली. मी थोडं उघडायचो, ती मोजायची. एक पॉइंट चार. एक पॉइंट सहा. शेवटी म्हणाली, "एक पॉइंट एकोणऐंशी. चालंल, तात्या."

म्हटलं, "चालंल काय? आठ म्हंजे आठ." कानसेचे दोन हात आणखी मारले. "आता बघ."

"आठ!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा खळखळून हसली.

शनिवारी ठिबकवाले साहेब आले. झाकण कॉम्प्युटरनं सांगितलेल्या दाबात पहिल्या पाच खेपांत भरलं. पंप मारला. चार. पाच. सहा. साहेबांनी थांबवलं नाही. सात. आठवर गेल्यावर पंपाचाच पाइप सुटला आणि पाणी परत भाऊंच्या शर्टावर. झाकणाला काही झालं नाही. साहेबांनी झाकणावरून अंगठा फिरवला. मला दह्याचं झाकण आठवलं. गेटचा डाग होता, पण बोटाला लागत नव्हता, कारण तिनं तो कडेच्या खाचेत लपवला होता. मोठं गेट ठेवूनही खुटा कसा लपवायचा, हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

साहेब गेल्यावर भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "पुढच्या महिन्याची वाट बघायला नको. प्राजक्ता, तू कायम."

पुढं मी दोन वर्षांनी निवृत्त झालो. ती आता तिथलं सगळं डिझाइन बघते, हाताखाली तिघं आहेत. अजून अडलं की फोन करते, आणि मी अजून आधी नाही म्हणतो. गप्प बसलेले ते तीन दिवस मात्र परत मिळत नाहीत. तिनं कधी तो विषय काढला नाही, मीच काढतो.

त्या शनिवारी सुटताना ती म्हणाली, "तात्या, तुमच्या जुन्या साच्यांची गेटं केवढी होती हो? पुस्तकातली मापं मला ठाऊक हायत. तुमची न्हाईत. ती कॉम्प्युटरमधी घालून बघितली असती."

"मला आकडे पाठ न्हाईत," मी म्हटलं. "उद्या सुट्टी हाय का तुला?"

"हाय. पण येते की."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी गोठ्यातल्या तारेवरून सगळी सर्टिफिकिटं उतरवली. बायको दारात येऊन म्हणाली, "भंगारवाला आलाय का?" म्हटलं, "न्हाय, परीक्षा हाय." दोन पोती भरली. इंदापूरहून एसटीनं बारामतीला गेलो. कंडक्टरनं पोत्यात काय म्हणून विचारलं, तर म्हटलं, "माझं शिक्षण."

प्राजक्ता आधीच येऊन बसली होती. मी दोन्ही पोती तिच्या टेबलावर ओतली. झाकणं, बटणं, मग, नळाच्या चाव्या, सगळं देठासकट. धुळीनं ती शिंकायला लागली. मी त्यातल्या बैलाच्या दोन टोप्या शोधून काढल्या, एकाच रनरला लागलेल्या, एक लहान, एक मोठी. फडक्यानं पुसून तिच्यापुढं ठेवल्या, शेजारी माझा व्हर्नियर ठेवला, आणि म्हटलं, "हितनं सुरू कर. मोज."